'मिट्स' आणि 'टेन्झाय': डच भाषेतून कुटुंबकायदा आणि मानवी हक्क शिकताना

फेब्रुवारी २०२२. नेदरलँड्समधल्या आइंडहोवन शहरात एका मध्यस्थ बाईंच्या ऑफिसात मी मैत्रिणीशेजारी बसले होते. तिचा घटस्फोट चालू होता आणि मुलगा सहा वर्षांचा होता. भांडणतंटा नव्हता, दोघांनी मिळून अर्ज करायचं ठरलं होतं. समोर पालकत्वाच्या आराखड्याचा मसुदा होता, डचमध्ये 'औडरस्खाप्सप्लान'. मूल अठराच्या आतलं असेल तर १ मार्च २००९ पासून घटस्फोटाच्या अर्जासोबत हा आराखडा जोडावाच लागतो. मूल कुणाकडे किती दिवस राहील, खर्च कसा वाटायचा, मुलाबद्दलच्या गोष्टी एकमेकांना कशा कळवायच्या आणि हे ठरवताना मुलाला कसं सामील करून घेतलं, हे सगळं त्यात लिहायचं असतं. मैत्रिणीचं डच कामापुरतं होतं. माझं तिच्याहून बरं, शिवाय मी गोव्यात चार वर्षं वकिली केलेली, म्हणून तिने मला सोबत नेलं होतं.

एका वाक्यात 'मिट्स' हा शब्द होता. आई मुलाला घेऊन भारतात जाऊ शकते, मिट्स वडिलांनी आधी लेखी संमती दिली. मी तिला मराठीत सांगितलं, "वडिलांनी लेखी हरकत घेतली नाही तर जाता येईल." ती मोडक्या डचमध्ये म्हणाली, "म्हणजे त्याने काहीच कळवलं नाही तरी चालेल." मध्यस्थ बाईंनी पेन खाली ठेवलं आणि शांतपणे सांगितलं, नाही, कागद हातात आल्याशिवाय नाही.

'मिट्स' म्हणजे 'या अटीवर'. 'टेन्झाय' म्हणजे 'एरवी हो, पण अमुक झालं तर नाही'. मी एकाच्या जागी दुसरा वाचला होता. दोघांचा ताबा असलेलं मूल एकटा पालक देशाबाहेर नेत असेल तर विमानतळावर दुसऱ्या पालकाची संमती विचारली जाते. माझ्या शब्दावर विसंबून ती तिकीट काढून स्किपोलला गेली असती, हा विचार त्या रात्री डोक्यातून जाईना. घरी आल्यावर नवऱ्याला म्हटलं, "मी पुन्हा शिकणार आहे. आणि डचमधूनच." इंग्रजीतून मानवी हक्कांचे अभ्यासक्रम इथे बरेच आहेत. पण तो मसुदा, तो अर्ज, न्यायाधीशाचा निकाल, पालिकेचं पत्र, सगळं डचमध्येच येतं. जिथे चूक झाली तिथूनच सुरुवात करायची होती.

विद्यापीठाचं नाव मी लिहीत नाही, कारण माझा अनुभव एका मॉड्यूलपुरता आहे. दूरशिक्षणाने एकेक मॉड्यूल घेता येतं, पूर्ण पदवीला नाव घालावं लागत नाही. मला हवं असलेलं मॉड्यूल पदवी पातळीवरचं, पाच क्रेडिटचं होतं: कुटुंबकायदा आणि मानवी हक्क. इथे एक क्रेडिट म्हणजे २८ तासांचा अभ्यास, म्हणजे एकूण १४० तास. हा आकडा डच वाचकासाठी आहे. मी वही ठेवली होती, त्यात शेवटी २६० तास भरले. तुम्ही बेत करताना दुप्पट धरा.

सल्लागार बाईंनी फोनवर स्पष्ट सांगितलं, डच बी-२ पातळीच्या (म्हणजे वरच्या-मध्यम) खाली असाल तर पैसे भरू नका. म्हणून आधी भाषा. सप्टेंबर २०२२ ते मार्च २०२३ आठवड्यातून दोन संध्याकाळी वर्ग केला, त्याचे ७८० युरो झाले. मार्चमध्ये शासकीय भाषा-परीक्षेच्या दुसऱ्या पातळीचे चार पेपर दिले: वाचन, ऐकणं, लिहिणं, बोलणं. त्यांची मिळून फी दोनशे युरोंच्या आसपास. मला सगळ्यात अवघड गेलं ते बोलणं, कारण समोर माणूस नसतो. हेडफोन लावून संगणकाशी बोलायचं आणि आजूबाजूचे पंधरा जण त्याच वेळी तेच बोलत असतात. मराठी-डच असा धड शब्दकोश मला मिळाला नाही. डच-डच वापरला, आणि आता वाटतं तेच बरं झालं. शब्दाचा अर्थ त्याच भाषेत वाचायची सवय पुढे कायद्याला उपयोगी पडली. निकालाला सव्वा महिना लागला. लिखाणात नापास झाले. तो एकच पेपर जूनमध्ये पुन्हा दिला आणि ऑगस्टच्या सुरुवातीला चारही हातात आले.

प्रवेशाचा अर्ज नोव्हेंबर २०२३ मध्ये भरला आणि तो नावावर अडला. इथल्या लोकसंख्या-नोंदणीत माझं माहेरचं आडनाव आहे, नव्या पासपोर्टवर सासरचं, आणि परीक्षेचं प्रमाणपत्र नोंदणीप्रमाणे निघालेलं. डच कायद्यात लग्नाने बाईचं आडनाव बदलतच नाही. नवऱ्याचं आडनाव वापरायची मुभा असते, पण कायदेशीर नाव जन्माचं ते जन्माचंच. आपल्याकडे तर लग्नानंतर मधलं नावही बदलतं, आणि ते इथल्या कुठल्याच रकान्यात बसत नाही. लग्नाच्या दाखल्याची प्रत, दोन्ही नावं एकाच बाईची असल्याचं पत्र, पुन्हा प्रत, असं करत तीन आठवडे गेले. तुम्ही अर्ज करणार असाल तर प्रमाणपत्रं, पासपोर्ट आणि नोंदणी यांतली स्पेलिंगं आधीच एकमेकांशी ताडून पाहा. फी ३६५ युरो, तीन प्रयत्नांसह. कायद्यांचं जाडजूड संकलन, 'वेटन्बुंडल', नवं ४२ युरोंना घेतलं. पाठ्यपुस्तक जुनं घेतलं, २८ युरोंना. त्याबद्दल पुढे सांगते.

मॉड्यूल ५ फेब्रुवारी २०२४ ला सुरू झालं. दर दुसऱ्या बुधवारी संध्याकाळी ऑनलाइन वर्ग. आम्ही चौदा जण होतो. एकजण पालिकेत जन्म-मृत्यू-लग्नांच्या नोंदी करणारे, एक बाई बालसंरक्षणात काम करणाऱ्या, एक निवृत्त शिक्षक. प्राध्यापक बाई पहिल्याच दिवशी म्हणाल्या, मला नावाने हाक मारा. माझ्या तोंडून ते निघेना. पहिले दोन महिने मी वाक्याची रचनाच अशी करायची की हाक मारावी लागू नये. मग एकदा 'मॅडम'च्या डच अर्थाने 'मेव्राउ' म्हणून गेले, त्या हसल्या आणि म्हणाल्या, तेही चालेल.

पहिल्या आठवड्यातच मला जोराचा धक्का बसला. भारतात आपण कायदा घटनेविरुद्ध आहे म्हणून उच्च न्यायालयात जातो, वकिलीच्या पहिल्या वर्षापासून हेच रक्तात भिनलेलं असतं. इथल्या घटनेचं कलम १२० म्हणतं की संसदेने केलेला कायदा घटनेशी जुळतो की नाही हे न्यायाधीशाने तपासायचं नाही. मी ते वाक्य चार वेळा वाचलं. मग कलम ९३ आणि ९४ वाचली. सर्वांना बंधनकारक असलेल्या आंतरराष्ट्रीय कराराच्या कलमाशी देशातला कायदा विसंगत असेल तर तो कायदा बाजूला ठेवायचा. म्हणजे पुढचं दार बंद आणि बाजूचं सताड उघडं. कुटुंबकायद्यात मानवी हक्क इतके खोल का गेले, ते याच दारामुळे. युरोपीय मानवी हक्क करार, रोम, १९५०. त्यातलं कलम ८ खाजगी आणि कौटुंबिक जीवनाच्या आदराचं, कलम १२ लग्नाच्या हक्काचं, कलम १४ भेदभावाविरुद्धचं. इथल्या सर्वोच्च न्यायालयाने, 'होखे राट'ने, ४ मे १९८४ ला कलम ८ च्याच आधारे ठरवलं की घटस्फोटानंतर दोघांनी मागितलं तर मुलाचा ताबा दोघांकडे राहू शकतो. तोवर कायद्याने तो एकाकडेच जात असे. १९९८ पासून तर दोघांकडे राहणं हाच नियम झाला आहे.

कलम ८ चं डच भाषांतर वाचताना मी एका शब्दापाशी थांबले. इंग्रजीत 'फॅमिली लाइफ' एवढंच आहे. डचमध्ये 'फामिली- एन खेझिन्सलेव्हन', म्हणजे दोन शब्द. 'खेझिन' म्हणजे एका छपराखालचे आईवडील आणि मुलं. 'फामिली' म्हणजे त्यापलीकडचं गणगोत, आजी, काका, मावश्या. मराठीत 'कुटुंब' म्हटलं की आपण सगळ्यांना एकाच गाठोड्यात बांधतो, आणि माझे पणजोबा 'आमचं कुटुंब' म्हणायचे तेव्हा त्याचा अर्थ एकटी पणजी असा असायचा. कायद्याला नेमकं हेच ठरवायचं असतं: कोण कुणाचं. वर्षभर मी खरं तर हा एकच प्रश्न शिकले, वेगवेगळ्या माणसांच्या खटल्यांतून.

पहिला मोठा निकाल मार्क्स विरुद्ध बेल्जियम, १३ जून १९७९. पाउला मार्क्स, अविवाहित आई. बेल्जियमच्या तेव्हाच्या कायद्यात अविवाहित आईने मूल जन्माला घातलं म्हणून ती कायद्याने आई होत नसे. तिने वेगळी नोंद करून मुलीला 'मान्यता' द्यायची, आणि मान्यता दिली की वारसाहक्क आक्रसायचे, म्हणून पोटच्या मुलीला दत्तक घ्यायचं. तिने तसं केलं आणि मग स्ट्रासबर्गच्या युरोपीय मानवी हक्क न्यायालयात गेली. न्यायालयाने तिच्या बाजूने निकाल दिला. बेल्जियमने कायदा बदलला तो १९८७ मध्ये. आठ वर्षं! निकालाच्या परिच्छेद ४५ मध्ये एक वाक्य आहे, कौटुंबिक जीवनात जवळच्या नातलगांमधले संबंध, उदाहरणार्थ आजी-आजोबा आणि नातवंडांमधले, तरी येतातच.

त्या रविवारी सावंतवाडीला आईशी बोलताना मी तिला हे सांगितलं. माझ्या मुलीला ती वर्षाकाठी एकदा भेटते, बाकी सगळं फोनच्या पडद्यावर. ती जरा वेळ गप्प राहिली आणि म्हणाली, "त्या कायद्यात मी आसंय?" मी म्हटलं, "असा गो आई, नाव नाही पण तूच." अभ्यासात पहिल्यांदा डोळे भरून आले ते त्या दिवशी. व्यवहाराचं सांगायचं तर डच नागरी संहितेच्या पहिल्या खंडात कलम ३७७अ आहे, त्यात मुलाशी जवळचा वैयक्तिक संबंध असलेल्या माणसाला भेटीगाठींसाठी न्यायालयात मागणी करता येते. आजी-आजोबांचे अर्ज तिथूनच जातात. नुसतं रक्ताचं नातं पुरत नाही, संबंध दाखवावा लागतो.

एप्रिलमध्ये पहिला लेखी स्वाध्याय आला. क्रोन विरुद्ध नेदरलँड्स, २७ ऑक्टोबर १९९४. एका बाईचा नवरा बेपत्ता, लग्न कागदावर शाबूत. तिला दुसऱ्या माणसापासून मूल होतं. कायद्याने त्या मुलाचा बाप कोण, तर बेपत्ता नवरा. आणि हे नाकारण्याचा हक्क फक्त त्या नवऱ्याला. आईला नाही, खऱ्या बापालाही नाही. न्यायालयाने म्हटलं, कौटुंबिक जीवनाचा आदर करायचा तर जैविक आणि सामाजिक वास्तव कायद्याच्या गृहीतकावर वरचढ ठरलं पाहिजे. मी भारावून गेले आणि सहा पानं लिहिली. त्यात आपल्या सर्वोच्च न्यायालयाचा १९९९ चा गीता हरिहरन निकालही घातला, ज्यात हिंदू पालकत्व कायद्यातला 'वडिलांच्या नंतर आई' यातला 'नंतर' हा शब्द 'वडिलांच्या अनुपस्थितीत' असा वाचला गेला आणि आईला वडील हयात असतानाही नैसर्गिक पालक होता आलं. एका शब्दाचं वजन मला त्या क्षणी दोन्ही देशांत दिसत होतं.

स्वाध्याय परत आला तो लाल शाईने भरून. समासात प्राध्यापक बाईंनी लिहिलं होतं: 'आधी कायदा काय म्हणतो ते. मत शेवटी. तुलना विचारलेली नाही.' शिवाय एक सरळ चूक होती. मी लिहिलं होतं की लग्न न झालेल्या वडिलांनी मुलाला मान्यता दिली तरी ताब्यासाठी वेगळी नोंद लागते. १ जानेवारी २०२३ पासून तसं नाही, मान्यतेसोबत दोघांचा ताबा आपोआप येतो. माझं पाठ्यपुस्तक २०२० चं होतं. तेव्हा ही सूचना मनापासून: जुनं पुस्तक निकाल समजून घ्यायला घ्या, पण कलमं दरवेळी सरकारच्या कायद्यांच्या संकेतस्थळावर ताज्या रूपात वाचा, ते फुकट आहे. न्यायालयांचे निकालही फुकट मिळतात, प्रत्येकाला क्रमांक असतो, तो टाकला की झालं. नाव-कायदाही १ जानेवारी २०२४ पासून बदलला आहे, आता मुलाला दोघांची आडनावं एकत्र देता येतात.

मालमत्तेचा धडा मात्र मला माहेरी आल्यासारखा वाटला. गोव्यात १८६७ ची पोर्तुगीज नागरी संहिता कौटुंबिक बाबतीत अजून चालते. लग्नाआधी वेगळा करार केला नसेल तर नवरा-बायकोची सगळी मालमत्ता सामाईक होते. म्हापशाला सीनियरच्या हाताखाली मी जी पहिली खरेदीखतं तपासली त्यात विकणाऱ्याच्या बायकोची सही आहे ना, हेच आधी बघायला शिकले होते. सिंधुदुर्गातून गेलेल्या मला तेव्हा ते नवल वाटायचं. नेदरलँड्समध्येही २०१८ पर्यंत जवळजवळ तसंच होतं. १ जानेवारी २०१८ पासून लग्न झालेल्यांसाठी लग्नाआधीचं ज्याचं त्याचं आणि वारसा-भेटीही ज्याच्या त्याच्या, लग्नात कमावलेलं तेवढं सामाईक. पण ह्याच कायद्यात १ जानेवारी १९५७ पर्यंत लग्न झालेली बाई स्वतःच्या नावावर व्यवहार करायला असमर्थ मानली जायची, आणि १९७० पर्यंत नवरा संसाराचा प्रमुख असं लिहिलेलं होतं. इथे येणाऱ्या आपल्या लोकांना वाटतं की हा देश असाच समतेचा जन्माला आला. नाही. कॉरी टेन्डेलूसारख्या बायका संसदेत भांडल्या तेव्हा ते झालं.

मे महिन्यातला बालसंरक्षणाचा भाग वाचायला मी सर्वात घाबरत होते. आपल्या लोकांच्या व्हॉट्सअॅप गटांत 'इथे मुलं काढून नेतात' हे सतत फिरत असतं. आम्हाला व्हेनेमा विरुद्ध नेदरलँड्स, १७ डिसेंबर २००२, नेमलं होतं. तान्ह्या मुलीला आईपासून धोका आहे असा डॉक्टरांना संशय आला, आणि आईवडिलांना बाजू मांडायची संधी न देता मुलगी पाच महिने दुसऱ्या घरी ठेवली. नंतर परत दिली. न्यायालयाने म्हटलं, संशय घेणं चूक नव्हतं, आईवडिलांना प्रक्रियेत घेतलं नाही ही चूक होती. रात्री अकराला वाचून संपवलं आणि मुलीच्या खोलीत जाऊन बराच वेळ बसले.

पण त्याच आठवड्यात भीतीला आकारही मिळाला. मूल घराबाहेर ठेवायचं तर बालन्यायाधीशाची परवानगी लागते. परवानगी जास्तीत जास्त एका वर्षाची, मग पुन्हा तपासणी. तातडीत आईवडिलांना न ऐकता आदेश दिला तरी दोन आठवड्यांच्या आत सुनावणी घ्यावीच लागते. बारा आणि त्यावरच्या वयाच्या मुलाचं म्हणणं न्यायाधीश विचारतात. वर्गातल्या बालसंरक्षणातल्या बाई म्हणाल्या, परदेशी पालक घाबरून पत्रं उघडत नाहीत आणि बैठकीला येत नाहीत, त्याने सगळं अवघड होतं. हे वाचणाऱ्या कुणाला असं पत्र आलं असेल तर कृपा करून ते उघडा, आणि वकील घ्या.

आपल्या लोकांना लागणारी आणखी एक गोष्ट, ती अभ्यासक्रमात फार थोडकी होती, मी स्वतः शोधून वाचली. नेदरलँड्समध्ये १९७१ पासून घटस्फोटाला एकच कारण आहे, लग्न कायमचं मोडलं आहे. हिंदू विवाह कायद्यात हे कारण नाही. १९९१ च्या नरसिंह राव निकालात आपल्या सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की परदेशी घटस्फोट भारतात मानायचा तर तो ज्या कायद्याखाली लग्न झालं त्यातल्या कारणावर असावा, किंवा दुसऱ्या जोडीदाराने मनापासून संमती दिलेली असावी. म्हणून एकतर्फी डच घटस्फोट घेऊन भारतात दुसरं लग्न करणारा माणूस अडचणीत येऊ शकतो. दोघांनी मिळून केलेला अर्ज आणि त्यात दोघांची संमती स्पष्ट लिहिलेली, हे बरंच सुरक्षित. आणि मुलांच्या बाबतीत, पालकाने परदेशी नेलेलं मूल परत आणण्याबद्दलच्या १९८० च्या हेग करारात नेदरलँड्स आहे, भारत नाही. एका पालकाने मूल भारतात नेऊन ठेवलं तर परत आणण्याचा तो सरळ मार्ग उपलब्ध नसतो. आमच्या मैत्रिणीच्या मसुद्यातला तो 'मिट्स' तिथे का होता, हे मला त्या दिवशी पूर्ण समजलं. नवऱ्याचा तिच्यावर अविश्वास नव्हता. त्याच्या वकिलाला हे माहीत होतं.

परीक्षा १७ जूनला, उट्रेख्तला. सकाळची ट्रेन, पन्नासेक मिनिटं, जाऊन-येऊन सवलतीत बावीस युरो. आदल्या शुक्रवारी मी नियमावली पुन्हा नीट वाचली. वेटन्बुंडल परीक्षेत नेता येतो, त्यात अधोरेखित करता येतं, दुसऱ्या कलमाचा नुसता क्रमांक लिहिता येतो, पण शब्द लिहिलेले चालत नाहीत. माझ्या प्रतीत चार महिन्यांच्या बारीक पेन्सिलीच्या मराठी टिपा होत्या, प्रत्येक 'टेन्झाय'च्या वर 'नाहीतर' आणि प्रत्येक 'मिट्स'च्या वर 'तरच'. शनिवार-रविवार दोन्ही रात्री नवरा आणि मी खोडरबर घेऊन बसलो. हॉलमध्ये पर्यवेक्षक बाईंनी खरोखर पानं चाळून पाहिली.

तीन तास, चार प्रकरणं. मी तिसऱ्या प्रकरणाच्या मध्यावर होते तेव्हा पंधरा मिनिटं उरल्याची घोषणा झाली.

निकाल तीन आठवड्यांनी आला. ५. इथे दहापैकी असतात आणि साडेपाचच्या खाली नापास. तो दिवस मी कुणाशी बोलले नाही. चाळिशीला आलेली बाई पहाटे पाचला उठून, मुलगी जागी व्हायच्या आत दीड तास वाचून, पाच महिन्यांनी नापास झाली, हे आईला सांगायला दोन दिवस लागले.

मग मी एक गोष्ट केली जी प्रत्येकाने करावी. 'इन्झाखे' असतं, म्हणजे आपला तपासलेला पेपर बसून पाहायचा हक्क. नापास झालेले बरेचजण लाजेने जात नाहीत. मी गेले. आदर्श उत्तर शेजारी ठेवून वाचलं आणि दिसलं की माझं ज्ञान कमी पडलं नव्हतं. मी प्रत्येक उत्तर आपल्याकडच्या सवयीने पार्श्वभूमीपासून सुरू केलं होतं, कायद्याचा इतिहास, तत्त्व, मग हळूहळू प्रश्न. त्यांना हवं होतं ते असं: प्रश्न काय, कलम कुठलं, त्याच्या अटी कोणत्या, या माणसांच्या बाबतीत कुठली अट पुरी होते आणि कुठली नाही, म्हणून काय. कलम ८ असेल तर पायऱ्या ठरलेल्या: कौटुंबिक जीवन आहे का, राज्याने त्यात हात घातला का, कायद्याच्या आधाराने घातला का, उद्देश मान्य आहे का, लोकशाही समाजात तेवढं करणं गरजेचं होतं का. एकही पायरी गाळायची नाही, एकही शब्द जास्त नाही.

तिथेच कळलं की ज्यांची मातृभाषा डच नाही त्यांना अर्धा तास जादा मिळू शकतो, पण तो आधी अर्ज करून मागायचा. मला कुणी सांगितलं नव्हतं आणि मीही विचारलं नव्हतं. पहिल्याच आठवड्यात विचारा. मी जुलैत अर्ज केला, नऊ दिवसांत होकार आला.

उन्हाळ्यात नवीन काही वाचलं नाही. जुन्या वीस प्रकरणांची उत्तरं घड्याळ लावून हाताने लिहिली, प्रत्येकी पस्तीस मिनिटं. पालिकेतल्या वर्गमित्रांनी त्यातली सहा फोनवर ऐकून दुरुस्त केली, त्यांची मी कायम ऋणी आहे. २६ ऑगस्टला पुन्हा परीक्षा दिली. १३ सप्टेंबरला निकाल आला. ७.

आईला फोन केला. ती म्हणाली, "गो बाय, आता पुरे की आणखी शिकतलंस?"

या पाच क्रेडिटनी मी इथे वकील झालेले नाही, त्याला इथली पूर्ण कायद्याची पदवी आणि त्यानंतरचं प्रशिक्षण लागतं. मी कुणाची केस चालवत नाही, सल्ल्याचे पैसे घेत नाही. महिन्यातून दोनदा कुणीतरी पत्र घेऊन घरी येतं, आम्ही स्वयंपाकघरातल्या टेबलावर ते वाचतो आणि पुढे कुठल्या वकिलाकडे किंवा मोफत कायदेशीर सल्ला-केंद्राकडे जायचं ते ठरवतो. मैत्रिणीने गेल्या डिसेंबरात मुलाला नागपूरला आजीकडे नेलं. निघायच्या आधी नवऱ्याच्या संमतीचा फॉर्म तिने मला दाखवायला आणला. त्यात एक 'टेन्झाय' होता. तारखा बदलल्या तर नवा फॉर्म लागेल, एवढाच त्याचा अर्थ. म्हणून परतीची तारीख तिने बदलली नाही.

भाषेचे वर्ग धरून सगळा खर्च साधारण पंधराशे युरो झाला. जुनं पाठ्यपुस्तक मी ठेवलं आहे. आइंडहोवन किंवा आसपास कुणाला हवं असेल तर घेऊन जा, ताबा आणि आडनावांची प्रकरणं सोडून बाकी उपयोगी आहे. यातल्या मराठी टिपा मी खोडलेल्या नाहीत.